पाण्याची गाठ

आटपाडी,
ता. ९ जानेवारी २०२५

चि. स्वप्नालीस सासू सुलाबाईचा आशीर्वाद, आन प्रांजलला पापा.

तुझे आई-अण्णा बरे असतील. हिकडं थंडी लय पडलीया. मेंढरं बरी हायत. माझ्या लेकाचा, राजवर्धनचा जम्मूवरनं फोन आला हुता, त्याला मी बरी हाय म्हणून सांगितलं. तुला फोन लावला की तू घाईत असतीस, आन मलाबी फोनवर नीट बोलाय येत न्हाई. म्हणून लिहाय बसले.

तू माहेरी गेलीस तवा हितली सोनोग्राफी नुसती झाली हुती. लिव्हरवर गाठ हाय, कुत्र्या-मेंढरापासनं हुती, एवढं ऐकून वस्तीत नको ते पसरलं. तू प्रांजलचं ताट-वाटी वेगळं केलंस, मग तिला घेऊन इस्लामपूरला गेलीस. मी तुला बोल लावत न्हाई. पोटची पोर हाय. आता वस्तीत कुणी माझ्या हातचा चहाबी घेत न्हाई. बाया दारातनंच बोलत्यात. दिवस कसातरी जातो, पर सांजच्याला चूल पेटवावी वाटत न्हाई.

सोमवारी सांगलीला जाऊन आले. तिथं हातात सुई लावून औषध सोडलं आन मोठ्या मशिनीत घालून सिटीस्कॅन काढला. श्वास धरा म्हणलं की धरायचा. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सोबत कोण आलंय? मी म्हणलं, सून हाय, खाली चहा प्यायला गेलीया. एकटी आले म्हणून सांगायची लाज वाटली गं.

मग त्यांनी मला फोटो दावला. पेरूएवढी गोल गाठ, आन तिच्या आत बारक्या बारक्या गाठी, एकीला एक चिकटून. बाई म्हणल्या, "आजी, या आतल्या पिलांवरूनच ओळखू येतं. हा कॅन्सर नाही. ही जंताची, पाण्याची गाठ आहे." कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी हाताला लागून तोंडावाटे जात्यात, आन गाठ वाढाय वर्षं लागत्यात म्हणं. आत फुटली तर जिवावर बेततं. आधी गोळ्या, मग फेब्रुवारीत ऑपरेशन.

मी विचारलं, माझ्यापासनं लेकराला लागतं का?

"तुमच्यापासून नाही. एका ताटात जेवलात तरी नाही."

हे वाचून तुला वाटंल, म्हातारीनं एवढ्यासाठीच लिहिलंय. तसं न्हाई. खरं लिहायचं ते मी मगाधरनं पुढं ढकलतीया.

बाईंनी नंतर विचारलं, कुत्र्याशी खेळणारं घरात कोण हाय का? आपली प्रांजल काळूच्या गळ्यात पडून झोपायची. ते आठवलं आन मी बाईंना सांगितलं. त्या म्हणल्या, पोरीची एकदा सोनोग्राफी करून घ्या. गाठ असलीच तर बारकी असंल, गोळ्यांनीबी जाती. काय दुखत न्हाई, पोटावर मलम लावून नुसतं मशिन फिरवत्यात.

तू तिला माझ्यापासनं लांब न्हेलंस, पर भ्या माझं न्हवतं, काळूचं हुतं. म्हणून आता थांबू नको. तिथंच दाखव. हिकडं येऊ नको वाटलं तर नको येऊ. मला कळवलं न्हाई तरी चालंल, असं लिहिणार हुते. पर चालणार न्हाई, स्वप्नाली.

तुझ्या पत्राकडं डोळं लावून बसलेली,
सुलाबाई

*

इस्लामपूर,
ता. १८ जानेवारी

ती. आत्यांना स्वप्नालीचा नमस्कार.

काल प्रांजलची सोनोग्राफी केली. पोटात कुठंच गाठ नाही. डॉक्टर तपासत होते तोवर मी स्क्रीनकडं बघितलंच नाही, तिचा हात धरून भिंतीकडं बघत बसले. तुम्ही सांगलीत हे एकटीनं कसं केलंत?

तुमच्यापासून काही होत नाही हे आता कळलंय, पण मनातली भीती अजून जात नाही. खोटं कशाला लिहू. प्रांजलला इतक्यात आणणार नाही. ती रोज विचारते, आजी कधी येणार. मी काहीतरी सांगते.

ऑपरेशनला मी येते. दवाखान्यात तुमच्याजवळ राहीन.

तुमची,
स्वप्नाली