गडव्यावरचं नाव

मंगळवार, शंकर नगर

नात पिंकी वंशावळ लिहून राहिली. मले लय आनंद, पोट्टी जवळ तरी बसते! पण आज पितळी गडव्यावर कोरलेलं नाव वाचून म्हणते, "आजी, ये गंगाबाई कौन है?"

"असन कोणी. तू चहा पी."

कोणी काहून? ह्यांची सख्खी माय! बाळंतपणात गेली. ज्यांना हे आई म्हणत आले, त्या माझ्या सासूबाई दुसरेपणावर आलेल्या. मरताना मले शपथ घातली, ह्यांना सांगू नको. अन् हे रोज त्याच गडव्यानं पाणी पितात. पुरुष माणूस भांड्यावरचं नाव कुठं वाचते!

पण वंशावळीत खोटं लिहू देऊ?

संध्याकाळी पाणी देताना नाव त्यांच्याकडे केलं. हे म्हणाले, "चष्मा दे बरं माझा."