एकवीस रेकॉर्डी आणि एक कान

मंगळवार, ३ सप्टेंबर

गेले एकदाची! ग्रंथालयाच्या तळघरातली खोली, दुपारी दोन. दारावर कागद — 'अभ्यासमंडळ : "हिवाळी छत्री" या बँडच्या सर्व एकवीस रेकॉर्डी, क्रमाने, दर मंगळवारी एक.'

आत दोनच माणसं. मंडळ चालवणारा तोर्केल — सत्तरीचा, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त, रेकॉर्डी बटाट्याच्या खोक्यात भरून आणलेल्या. आणि इर्या — मूळची फिनलंडची, तीस वर्षं इथे, हार्नोसांडात बस चालवली. मला बघून तोर्केल उठून उभाच राहिला. "तिसरी!" म्हणाला. तिघांपेक्षा कमी असले तर मंडळ धरत नाहीत म्हणे, खोली काढून घेतात. म्हणजे मी उठले की सगळंच उठलं. आल्या आल्या गळ्यात पडलं.

पहिली रेकॉर्ड १९७२ ची. व्हिव्हेका गाते, तिचा नवरा यान-ओलोफ ऑर्गन वाजवतो. लिफ्ट दुरुस्तीवर अकरा गाणी! एकात तर नुसते मजल्यांचे आकडे, खालून वर आणि वरून खाली. मी इर्याकडे बघायचंच टाळलं, हसू फुटलं असतं.

मग फेरी. एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी चूप बसायचं. तोर्केल बारा मिनिटं बोलला. इर्या म्हणाली, "लिफ्ट अजून अडकलेलीच आहे." तिची पाळी संपली.

बुधवार, ४ सप्टेंबर

काल मुद्द्याचं लिहिलंच नाही. घाबरत असणार मी.

डावा कान सातव्या वर्षी गालगुंडात गेला. उजवा गेली चार वर्षं उतरणीला लागलाय. पेत्रा — इस्पितळातली माझी कानवाली — म्हणाली, मार्चपर्यंत कसाबसा चालेल, मग ऑपरेशन करून उजव्यात यंत्र बसवू. आत एक तार, बाहेर कानामागे लहानसा तुकडा. माणसांचं बोलणं कळेल. "आणि गाणं?" मी विचारलं. ती म्हणाली, "खोटं नाही सांगत, आस्ता. काहींना सापडतं. काहींना नुसता खडखडाट." आणि स्वतःचा उरलासुरला कान ऑपरेशनमध्ये बहुतेक जाणारच.

म्हणून हे. तेहतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली — वाफ, पंखे, चारशे पोरांच्या ताटल्या. बसून गाणं ऐकलं म्हणून कधी नाही. आता कान जायच्या आधी एक तरी गोष्ट अथपासून इतिपर्यंत ऐकायची आहे. डोक्यात भरून ठेवायची, मग जन्मभर पुरवून पुरवून खायची. थोर संगीतकारांचंही मंडळ होतं, पण ते भरलेलं! मग ही छत्री.

मंडळात सांगायचं नाही. कीव केलेली मला खपत नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

पाचवी. नगरपालिकेची पत्रं चाली लावून गायलीत. 'आपल्या कुंपणाच्या उंचीसंदर्भात' — हे कोरसमध्ये! तोर्केलच्या डोळ्यांत पाणी. मोजणीवाला ना.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सहावी. काय लिहू!

तिचं नाव 'माफ करा, ही जागा कोणाची आहे का?' व्हिव्हेका आणि यान-ओलोफचा घटस्फोट झाला आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी ही रेकॉर्ड केली. तोर्केलने सांगितलं — लग्न मोडलं, बँड नाही मोडला, आजतागायत नाही. शेवटच्या गाण्यात ती बोटीवर शेजारच्या रिकाम्या खुर्चीबद्दल विचारते. एकदा, दोनदा, पाच वेळा. ऑर्गन गप्प. आणि अगदी शेवटी एकच सूर येतो, लांब, हलका. हो म्हणतोय की नाही, काही कळत नाही.

माझा घटस्फोट होऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हा रडले नव्हते. आज मंडळात, दालचिनीचा बन हातात धरून, ढसाढसा. माझी पाळी आली तेव्हा एवढंच म्हटलं, "मी आले ते बरं केलं." तोर्केलने वहीत लिहून घेतलं! सगळं लिहून घेतो.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

नववी — हेरिंग माशांवर डिस्को. इर्या नाचली. चेहरा मख्ख, कंबर भलतीकडेच!

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज थोडक्यात वाचले. तोर्केलने पाठीमागून काहीतरी विचारलं, मला पत्ताच नाही. वळले तर तो मान डोलवत इर्याला सांगतोय, "आस्ता विचार करतेय. घाई नको."

पण फेरी ही काय चीज आहे! एका वेळी एकच माणूस बोलतो, तोंड माझ्याकडे करून, सावकाश. नाताळच्या जेवणात, दुकानात, जिन्यात सगळे एकदम बोलतात, मी आपली मान हलवत राहते. इथे शब्दन् शब्द कळतो. या तळघरात मी बहिरी नाही. कोणी शोधून काढली असेल ही पद्धत, त्याचं भलं होवो.

मंगळवार, १७ डिसेंबर

सोळा झाल्या. तेरावी भिकार होती, तोर्केलही कबूल झाला. 'भिकारही क्रमानेच ऐकायची,' म्हणाला. चौदावी पुन्हा डोक्यावर घ्यावी अशी. आवडती माणसं तीन वर्षं वेड्यासारखी वागतात आणि मग एक दिवस दार वाजवतात, तसं काहीसं. मला हे आधी माहीत नव्हतं — एका बँडवर इतका जीव जडतो!

केशराचे बन मी करून नेले होते. इर्याने चार खाल्ले. "ठीक आहेत," म्हणाली.

गुरुवार, ९ जानेवारी

इस्पितळाचं पत्र. कोणाची तरी तारीख रद्द झाली, माझी अलीकडे ओढली. २० जानेवारी. अकरा दिवस!! अजून चार रेकॉर्डी उरल्यात.



मंगळवार, १४ जानेवारी

सांगितलं. अठरावी संपल्यावर, फेरीत माझी पाळी आली तेव्हा. कान, तार, सोमवार — सगळं एका दमात.

तोर्केल लालबुंद झाला. मला वाटलं, मंडळ मोडणार म्हणून चिडला. "अठरा आठवडे! आणि आवाज वाढव म्हणून एकदा बोलली नाहीस? यान-ओलोफचा डावा हात ऐकलास तरी का तू?" म्हटलं, ऐकला. "कशावरून?" मग मी सहावीतला तो शेवटचा सूर गुणगुणून दाखवला. तो खालीच बसला.

इर्या म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अगं बये, तीस वर्षं बस चालवली मी. कोणाला थांब्याची घोषणा ऐकू येत नाही ते आरशात दिसतं. तुझी खुर्ची दर मंगळवारी, स्पीकर तुझ्या उजव्या हाताला येईल अशी, आपोआप जाऊन बसते असं वाटलं होतं का तुला?"

मी सप्टेंबरपासून समजत होते की मी मोठी हुशार, कोणाला पत्ता लागू दिला नाही! आणि ही बाई पाच महिने गुपचूप खुर्ची सरकवतेय. कीव नाही, चौकशी नाही, काही नाही.

तोर्केलने वेळापत्रक काढलं, खोडलं. शनिवारी त्याच्या घरी, सकाळी नऊपासून, उरलेल्या तिन्ही.

शनिवार, १८ जानेवारी

एकोणिसावी. जेवण — वाटाण्याचं सूप, पॅनकेक. विसावी. कॉफी. एकविसावी.

आवाज इतका मोठा की शेजाऱ्याने दार वाजवलं. तोर्केलने त्यालाही आत बसवला! व्हिव्हेका आता सत्तरीची आहे, आवाज जरा चिरकलाय, आणि त्या चिरकण्यावरच तिने गाणं बांधलंय. अख्खं आयुष्य ऐकलं मी दोन माणसांचं. विशीपासून सत्तरीपर्यंत. किती लोकांच्या नशिबी येतं हे!

शेवटची बाजू संपली तरी सुई फिरत राहिली. ती खरखरसुद्धा ऐकून घेतली. मी म्हटलं, "आता माझं काही राहिलं नाही." इर्या म्हणाली, "शेजाऱ्याचं राहिलंय. त्याला पहिल्या वीस ऐकव."

रविवार, १९ जानेवारी

इस्पितळात. खोलीत हीटर गुणगुणतोय. कान देऊन ऐकतेय त्यालाही.

मंगळवार, २८ जानेवारी

डोक्याला पट्टी. ठार शांतता. अजून चार आठवडे असंच, मग यंत्र सुरू करणार.

तरी आज मंडळात गेले, सहीसाठी. तिसरी सही नसली तर खोली जाते. तोर्केलने कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं — 'आज काहीही लावणार नाही.' आम्ही पत्ते खेळलो. इर्या लबाडी करते हे बहिरी झाल्यावर दिसलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हजेरीत तोर्केलने लिहिलं, 'अभ्यासभेट'. म्हणजे काय, तर गोठलेल्या तळ्यावर जाऊन बर्फाला भोकं पाडून तिघं मासे धरत बसलो! चार तास. कोणी बोललं नाही. बर्फावर सगळेच माझ्यासारखे. पाच पर्च मिळाले, सगळे इर्याला.

मनात सहावी लावून पाहिली. आहे! सूर न् सूर आहे. जीव भांड्यात पडला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाविसावी आली! शुक्रवारी बाजारात आली आणि मला आज कळतंय. कव्हरवर दोघं म्हातारे एका छत्रीखाली, छत्री उलटी. तोर्केलने खोक्यातून काढून दाखवली. प्लॅस्टिक तसंच, फोडलेलं नाही.

मी विचारलं, अजून ऐकली नाहीस? त्याने लिहिलं — 'तिघं मिळून ऐकायची. मंडळाचा नियम.'

"असा नियम नाही," मी म्हटलं.

'आता आहे.'

इर्याने त्याच्या हातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं — 'रोज कव्हर पुसतो. बाळ असल्यासारखं.' १९७४ पासून या माणसाने यांची एकही रेकॉर्ड दुसऱ्या दिवसावर ढकललेली नाही. माझ्यासाठी एवढं कोणी थांबलेलं मला आठवत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सुरू केलं. पेत्राचं तोंड हललं आणि पत्र्याच्या डब्यात बदक ओरडल्यासारखं आलं. तासाभराने त्या बदकाचे शब्द झाले! "कॉफी घेणार का?" — कळलं! ओठ न बघता! पेत्राला मिठी मारली.

"गाण्याची घाई करू नकोस," असं बजावलंय.

मंगळवार, ४ मार्च

घाई केली. तोर्केलकडून मागून आणलेली सहावी लावली, घरी, एकटीने.

खिळ्यांचा डबा जिन्यावरून सांडावा तसं. ऑर्गन कुठला, व्हिव्हेका कुठली, काही वेगळं करता येईना. शेवटचा तो सूर — तिथे एक शिट्टी वाजली. बस्स. आणि वाईट म्हणजे, आता मनात लावायला जाते तर हाच खडखडाट येतो! जपून ठेवलेलंही मीच नासवलं. माझ्या हाताने.

मंडळात गेले नाही. सही नाही. माफ करा सगळ्यांनी.

बुधवार, ५ मार्च

सकाळी अकराला दारात दोघं. तोर्केलच्या हातात ती प्लॅस्टिकमधली बाविसावी, इर्याच्या हातात स्पीकर. मी म्हटलं, सही देते, कागद आणा आणि जा.

"सही नको," तोर्केल म्हणाला. त्याचं बोलणं मला आता कळतं, बदकासारखं का होईना. "तुझं मत हवंय. माझी मतं मला पन्नास वर्षं पाठ आहेत, कंटाळा आलाय त्यांचा."

"मला ऐकू येतं ते गाणं नसतं रे."

"यांची निम्मी गाणी आम्हालाही गाणी वाटत नाहीत," इर्या म्हणाली. "सरक."

प्लॅस्टिक फोडलं. लावली. ठकठक, घर्रर्र, मध्येच कोणीतरी चमचा आपटला. मी विचारलं, "हे असंच आहे, की माझं यंत्र आहे?" तोर्केल हात पसरून म्हणाला, "मला काय ठाऊक? मीही पहिल्यांदाच ऐकतोय!" आणि मग तिघंही जे हसत सुटलो! इर्या म्हणाली, चमचा खराच होता.

जुन्या रेकॉर्डींशी मी ताडून बघत बसते. हिला ताडायला माझ्याकडे काहीच नाही. कशी असायला हवी होती ते मला माहीतच नाही. जशी आली तशी.

मंगळवार, २५ मार्च

चौथ्यांदा बाविसावी. तिसऱ्या गाण्यात ठोका सापडला, मांडीवर धरता आला. आज एक शब्दही — 'पायरी'. तोर्केलच्या मते ही त्यांची सर्वांत सामान्य रेकॉर्ड. मी त्याच्याशी भांडले. चक्क भांडले! "तुला कळत नाही," म्हटलं. त्याने आनंदाने वहीत लिहून घेतलं.

पेत्रा म्हणते, ठोका सापडतो, सूर कधी सापडत नाही, असंही होतं. त्यावरच समाधान मानायची तयारी ठेव. ठेवलीय. या दोघांसाठी तरी जात राहीन.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळ. यंत्र अजून डबीत, कान ठार बंद. दात घासत होते. मघापासून मान डोलतेय हे आरशात दिसलं, तेव्हा लक्षात आलं — डोक्यात गाणं चालू आहे. चाल, ऑर्गन, चिरकलेली व्हिव्हेका, सगळं. पत्रा नाही, खिळे नाहीत. जुन्या एकविसांतलं नव्हे. बाविसावीतलं तिसरं, जे मी माझ्या कानाने कधी ऐकलेलंच नाही.

यंत्र लावायला गेले नाही. आधी गाणं संपू दिलं.