काँचेत्ताचं पानी

९ ऑगस्ट २०२०, रविवार

लॉकडाउनमुळे शुक्रवारपासून टाइलची कामं बंद. एपिंग भागातल्या बाथरूमच्या तीन भिंती लागल्या, चौथी उघडी. बाईंचा मेसेज, आता मी अंघोळ कशी करू? लिहिलं, तीन भिंतींकडे तोंड करून. हसरा चेहरा आला. बरं झालं, गिऱ्हाईक टिकेल.

दुपारी शेजारून व्हिन्स. "सँडी, बिझी?" मी बिझी नाही हे त्याला माहीत आहे. चौऱ्याऐंशीचा म्हातारा, पण विचारणार रीतसर. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली ॲडहेसिव्ह कालवायचो, तेव्हाही "बिझी?" विचारूनच बादली हातात द्यायचा. ऑस्ट्रेलियात आलो होतो कुकरीचा डिप्लोमा करायला. टाइल ठोकून ऐकायला यानेच शिकवलं. भरीव असेल तर टणक बोलते. पोकळ बोलली तर पुढच्या वर्षी उखडणार, मग मालक फोनवर आणि आपण खाली मान. त्या कानावर आज माझं घर चाललंय. त्यामुळे हाक आली की जातो.

डीव्हीडी आलीय म्हणे. पुतण्याने इटलीहून पाठवलेली, तीन महिने पोस्टात. त्यांच्या गावच्या संतावरचा जुना सिनेमा. शूटिंग त्याच गावात, गर्दीतली माणसं सगळी गावची. त्यात काँचेत्ता आहे, सोळा वर्षांची.

काँचेत्ता म्हणजे त्याची बायको. जानेवारीपासून नर्सिंग होममध्ये, माझी बायको वैशाली काम करते तिथेच. आधी इंग्रजी विसरली, मग घर. मार्चपासून भेटी बंद. व्हिन्स एकटा. मूल नाही.

पुढच्या रविवारी बघू म्हणाला. आधी डीव्हीडी प्लेअर शोधायचाय.

११ ऑगस्ट, मंगळवार

वै. शिफ्टवरून आली. कपडे गॅरेजमध्ये, थेट शॉवर, मग माणसांत. नाकावर मास्कचा वळ. जेवताना बोलली. काँचेत्ता खात नाही. बेचाळीस किलो. मिक्सरमधून काढलेलं देतात, तोंड फिरवते. चाळीसच्या खाली गेली तर डॉक्टर घरी फोन करतात. पुढचं बोलायला.

"पाणी मात्र सारखं मागते बिचारी. इंग्लिश गेलं, पण ते बरोबर म्हणते. हिंदीतलं. पानी. आमच्या पोरींकडून उचललंय."

तिच्या मजल्यावर हरप्रीत, दोन नेपाळी मुली आणि ही. दिवसभर हिंदी.

मी म्हटलं, आठ दिवस थांब, चहा पण मागेल.

लेक मिहिका लॅपटॉपमधून मान न काढता, "दॅट्स ॲक्च्युअली काइंड ऑफ क्यूट."

वै. म्हणाली, घरातलं घरात ठेव हं. व्हिन्सकडे तर अजिबात नको, माझी नोकरी जाईल. मी कुठे बोलतो. मी ऐकतो.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

कचऱ्याचे डबे आत घेताना व्हिन्स भेटला. सकाळी टॅबलेटवर कॉल झाला. काँचेत्ता नुसती बघत होती. कोणाकडे कोण जाणे. नर्स म्हणाली, शी इज गुड, खूप पाणी पिते.

"काँचेत्ता?" व्हिन्स मला विचारतोय. "पाणी? साठ वर्षांत तिने पाण्याचा ग्लास संपवलेला मी पाहिला नाही."

माणसं बदलतात, म्हटलं मी.

"आणि बोलत नाही, सँडी. अजिबात बोलत नाही आता."

वै.ने बजावलं होतं, सांगायचं नाही. ती बोलते. मागते. एवढंसुद्धा सांगता येत नाही म्हणजे काय. डबे आत घेतले.

१६ ऑगस्ट, रविवार

दीड वाजता सिनेमा. त्याच्या गॅरेजचं शटर वर, टीव्हीचं तोंड बाहेर. तो आत ब्लँकेट पांघरून, मी आमच्या ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून, मधे कमरेएवढं कुंपण. दोघांना मास्क. पोलिसांची गाडी सावकाश गेली. मी कप वर केला, त्यांनीही हात केला.

सबटायटल नाहीत. संत उंच, हडकुळा, गोणपाटाचा झगा. चालतो खूप. दर तिसऱ्या सीनला कोणीतरी मरतं नाहीतर गुडघे टेकतं. आमच्याकडे भिंत चालवली, हा घोंगडी अंथरून समुद्रापार गेला. व्हिन्सला भिंतीचं सांगितलं. तो म्हणाला, "भिंत? कोणी बांधलेली?" धंद्याचा माणूस.

बिशपच्या महालात काळी-पांढरी फरशी. "फ्लोअर बघ." मी म्हटलं, फसवू नकोस, कापडावर रंगवलंय, जॉइंट कुठे दिसत नाही. "माझ्या सासऱ्याने रंगवलं. बिशप घसरला का? नाही ना? मग चांगलं काम."

आवाज मागाहून रोममध्ये भरलेले. ओठ एक बोलतात, आवाज दुसराच येतो. हडकुळ्या संताला जाड्या माणसाचा आवाज. मला सारखं खटकत होतं, पोकळ टाइलसारखं.

मग दुष्काळ. मठाच्या दाराशी रांग. व्हिन्स ब्लँकेट टाकून उभा राहिला. काळा रुमाल बांधलेली एक मुलगी, हात पुढे, गालफडं बसलेली. ओठ हलले. आवाज कुठल्यातरी गोड शहरी बाईचा. "पाने."

व्हिन्स टीव्हीवर खेकसला. "पाने नाही. पानी. ती पानी म्हणाली होती. दिवसभर उन्हात उभं केलं आणि आवाज त्या रोमवालीचा."

रिमोट. मागे. पुन्हा. "ओठ बघ." बघितले. शेवटी ओठ फाकतात, 'ए'ला फाकतात त्याहून जास्त. 'ई'च.

मी विचारलं, पाणी मागतायत तर तो साधू पोत्यातून काय काढतोय?

"कसलं पाणी?"

तूच म्हणालास ना, पानी.

"पानी. ब्रेड. रोममध्ये पाने, आमच्या डोंगरात पानी. वॉटर वेगळं, वॉटर म्हणजे आक्वा."

कप खाली ठेवला. बाकीचा सिनेमा मी बघितला, पण काय बघितलं सांगता येणार नाही. शेवटी संत गेला. घंटा बऱ्याच वाजल्या.

संध्याकाळी वै.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"परत सांग."

परत सांगितलं.

"मी तिला स्ट्रॉ लावून पाजलंय रे. संपव संपव म्हणून. पोट भरलं पाण्याने, मग खाणार कशी ती." गॅस बंद केला. पोळी तव्यावर तशीच.

मी म्हटलं, तुझी काय चूक. कोणीही तेच केलं असतं. ती म्हणाली, "कोणीही नाही. आपणच."

खरं आहे. एखादी ऑस्ट्रेलियन बाई असती तर म्हणाली असती, पानी म्हणजे काय बुवा, आणि विचारलं असतं कोणालातरी. आम्हाला कळलं. तिथेच फसलो.

१८ ऑगस्ट, मंगळवार

वै.ने शिफ्ट बदलताना, हँडओव्हरला, सगळ्यांसमोर सांगितलं. स्वतःचं नाव आधी घेतलं म्हणे. हरप्रीत म्हणाली, "दीदी, मैं तो ग्लास भर भर के देती थी." इनचार्ज सिस्टर चिडली नाही, लिहून घेतलं. पलंगाच्या वर आता कागद आहे, मोठ्या अक्षरात, पानी म्हणजे ब्रेड.

पण ब्रेड देता येत नाही. चार्टवर मऊच. घशात अडकलं तर? गिळायची तपासणी करणारी बाई सध्या येत नाही, व्हिडिओवर बघते, शुक्रवारी. तोवर काँचेत्ता मागणार, आणि आता सगळ्यांना कळणार ती काय मागतेय. आज अकरा वेळा. वै. मोजत होती.

वजन एक्केचाळीस.

२० ऑगस्ट, गुरुवार

व्हिन्सला सांगायचं की नाही. मी म्हटलं, आता दुरुस्त होतंय, कशाला म्हाताऱ्याला त्रास. टाइल निघाली, परत लावली, मालकाला कळलं पण नाही. वै. म्हणाली, "तू धंद्यात असं करतोस?"

करत नाही. एकदा केलं होतं, व्हिन्सने सगळी भिंत उखडायला लावली होती.

सिस्टरची परवानगी मागितलीय तिने. घरच्यांना सांगायचा हक्कच आहे, सिस्टर म्हणाली, पण मी फोन करते. वै. म्हणाली, फोन तुम्ही करा, नंतर मी पण सांगेन, मी शेजारी राहते.

२२ ऑगस्ट, शनिवार. गणेश चतुर्थी

मूर्ती मिहिकाने केली, प्ले-डोची, निळी. आरती झूमवर, पुण्याचे लोक अर्धी ओळ मागे. मोदक फुटले दोन, बाकी बरे.

वै. मोदकांची ताटली घेऊन कुंपणाशी गेली. मी मागे, चार पावलं. सिस्टरचा फोन त्याला काल आला होता, पण फोनवरचं इंग्रजी त्याला अर्धं कळतं. वै.ने सावकाश सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं ती आमच्या भाषेत पाणी मागतेय. मीही दिलं. मार्चपासून. आय ॲम सो सॉरी, व्हिन्स.

तो मोदकाकडे बघत होता. मला वाटलं आता शिव्या देईल, त्याच्या शिव्या मला पाठ आहेत.

"म्हणजे ती बोलते," म्हणाला.

हो. रोज.

"आणि प्रत्येक वेळी कोणीतरी उठून काहीतरी आणून दिलं."

वै. रडायला लागली. तो म्हणाला, "अरे, हिला आत ने, सँडी, थंडी आहे." मग मोदक उचलून, "यात काय भरलंय?" नारळ. गूळ. "आणि बाहेर?" तांदूळ. एक खाल्ला. दुसरा घेतला. लिंपण चांगलं आहे म्हणाला.

कालच्या तपासणीचं पण सांगितलं. कडा काढून, दुधात भिजवून, कोणीतरी शेजारी बसून. चालेल.

२५ ऑगस्ट, मंगळवार

दिला काल. स्लाइस ब्रेड, दुधात. काँचेत्ताने जिभेवर धरला आणि थुंकला. परत म्हणाली, पानी.

व्हिन्सला कळवलं. त्याला मनापासून आनंद झाला. "तो ब्रेड नाही, स्पंज आहे. भिंत पुसायचा." मागच्या अंगणातली विटांची भट्टी उघडली. काँचेत्ता गेल्यापासून, म्हणजे होममध्ये गेल्यापासून, पेटलेली नाही. पीठ मी सुपरमार्केटातून आणलं. तो आतून सांगतोय, हे नाही, ते पिवळट, जाडं. तिसऱ्या खेपेला जमलं. चेकआउटवरची मुलगी, "लॉकडाउन बेकिंग, हं?" मी म्हटलं, यू हॅव नो आयडिया, मेट.

बाहेरून आलेली वस्तू होमच्या रिसेप्शनवर एक दिवस ठेवतात, मग आत. व्हिन्स म्हणाला, हरकत नाही, ताजा पाव पाहुण्यांसाठी असतो.

२९ ऑगस्ट, शनिवार

खाल्ला. तीन घास. वै.ने ब्रेकमध्ये पार्किंगमधून फोन केला. आधी हातात घेऊन वास घेतला म्हणे, उलटा करून खालची बाजू बघितली, बोटाने ठोकली. मग खाल्ला.

व्हिन्सला ओरडून सांगितलं. त्याने विचारलं, खालची बाजू बघितली? हो. "खाली करपवला की काय ते बघते. नेहमी बघायची." तोंड फिरवून भट्टीतली राख काढायला लागला. राख कालच काढली होती.

३१ ऑगस्ट, सोमवार

वजन एकोणचाळीस आठशे.

डॉक्टरचा फोन आला व्हिन्सला. मी शेजारी उभा होतो, स्पीकरवर. उशीर झालेला असू शकतो, डॉक्टर म्हणाला, शरीर कधीकधी परत फिरत नाही. हॉस्पिटलला न्यायचं का, नळी घालायची का, विचार करून ठेवा. व्हिन्स म्हणाला, "ती खातेय." खातेय, पण थोडं, डॉक्टर म्हणाला. चांगला होता बोलायला. एक आठवडा बघू म्हणाला.

फोन ठेवल्यावर मला विचारलं, "तुझा कान काय म्हणतो?"

डॉक्टरला माहीत नाही, म्हटलं. म्हणून हळू बोलत होता.

"हं. मलाही तसंच वाटलं."

३ सप्टेंबर, गुरुवार

खिडकीची भेट मिळाली, अकरा वाजता, पंधरा मिनिटं. व्हिन्सला मी नेलं. तो मागच्या सीटवर, खिडक्या उघड्या, कोट, टाय, बूट चकचकीत.

खिडकी तळमजल्यावर, बाहेर गुलाबाचे छाटलेले खुंट. मी काही पावलं मागे थांबलो. आत वै. फेस शील्डमध्ये, हातात वाटी. काँचेत्ता खुर्चीत. एवढीशी. व्हिन्सने काचेवर हात ठेवला. तिने बघितलं. ओळखलं नाही, मागून मलाही कळलं. परक्या माणसाकडे बघतात तसं, नीट, सभ्य.

वै.ने घास दिला. खाल्ला. दुसरा. मग तिने वाटीतला तुकडा स्वतः उचलला, आणि काचेपाशी धरला. त्याच्या तोंडासमोर. दूध तिच्या मनगटावरून ओघळत होतं. तो मानेने नको नको करत होता, तू खा. ती हात मागे घेईना. काहीतरी बोलली, काचेतून ऐकू आलं नाही. मला नाही आलं म्हणजे कोणालाच येणार नाही. शेवटी व्हिन्सने मास्क खाली केला आणि रिकामंच तोंड हलवलं, चावल्यासारखं, गिळल्यासारखं. तेव्हा तिने उरलेला तुकडा आपल्या तोंडात घातला.

परत येताना म्हणाला, "मी बारीक झालोय असं वाटलं तिला."

झालायसच, म्हटलं.

"घरी सूप आहे. कालचं." थोड्या वेळाने, "दोघांपुरतं आहे. तू तुझ्या बाजूला बसून खा."

खाल्लं. सोमवारी तिचं वजन.