गिरणीच्या घरातला पास्ता

प्रिय ताई,

तेजूचे पप्पा तिला घेऊन माजलगावला पोचले असतील आणि हे पत्र त्यांनी तुझ्या हातात दिलं असेल. आधी त्यांना चहा दे, तेजूला दाजींबरोबर आकाशकंदील लावायला धाड, आणि मग आतल्या खोलीत एकटी बसून वाच. फोन का केला नाही म्हणशील. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सुटलेल्या एसटीमागं पळायचं, मी तोंड उघडीपर्यंत तू पुढच्या गावाला पोचलेली असतेस. आणि मला जे सांगायचंय ते मध्येच थांबून, नाक पुसून, परत सुरू करून सांगावं लागणार आहे. ते कागदावरच जमेल.

पिशवीत स्टीलचा मोठा डबा आहे. त्यात ज्वारीचा पास्ता आहे, दिवाळीभर पुरेल एवढा. त्याला तुझ्या पोळ्यांचा हात लावू नकोस, आधी हात साबणानं धू. पाणी खळखळ उकळलं की मीठ, चमचाभर तेल, मग पास्ता टाक आणि समोरून हलू नकोस. गव्हाच्या पास्त्यासारखा हा तुझी वाट बघत बसत नाही. वर तरंगला की लगेच काढ, नाहीतर त्याचं आंबील होतं. टोमॅटोत लसूण भरपूर घाल, तिला लसूण लागतो. हे सगळं नीट वाचून ठेव ताई, मी उगंच लांबण लावत नाही.

हे खूळ तिला तूच लावलंस हे विसरू नकोस. दाजींच्या वाढदिवसाला तू कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पास्ता केलास, वर किसलेलं चीज घातलंस, आणि माझी लेक जी वाटीत शिरली ती बाहेरच येईना. घरी आल्यावर भाजी-भाकरी बघून नाक मुरडायला लागली. मग मीही केजहून पाकिटं आणायला लागले. आमच्या सासूबाई, साखराबाई, एकदा एक नळी उचलून डोळ्याजवळ धरून म्हणाल्या, अगं हे तर सरगुंडे हायती, काडीवर वळलेले. आमच्या लग्नात पाटीभर केलते, त्याला परदेशी नाव कशाला. मी लई हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

मागच्या हिवाळ्यात तिचं पोट ढोलकं झालं आणि हातापायाच्या काड्या झाल्या, ते तू बघितलंसच. जंत म्हणून झाले, नजर म्हणून झाली, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. शेवटी लातूरच्या डॉक्टर मॅडमनी आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हिला सिलिॲक आहे. म्हणजे गव्हाशीच वैर. गहू पोटात गेला की आतडं आतून सोलून निघतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध काही नाही, आयुष्यभर गव्हाचा कणही नको. तेजूचे पप्पा त्यांच्यासमोर बसून नुसते आपल्या हातांकडं बघत राहिले. त्यांच्या नखांत पीठ होतं. मॅडमनी विचारलं, तुम्ही काय करता? ते म्हणाले, पिठाची गिरणी आहे.

पोळी सुटली, बिस्किट सुटलं, शेवया सुटल्या, तेजूनं हूं की चूं केलं नाही. फक्त पास्त्याचं नाव काढलं की ओठ थरथरायचे. मी म्हटलं, बाई, एवढं एक तरी मी तुला देईनच. मग मी शहरातून तांदळाचा पास्ता मागवला, तो पाण्यात पडल्या पडल्या लगदा झाला. मक्याचा केला, तो गिळताना घशाला कोरडा लागायचा. मुगाच्या डाळीचा केला तर तेजू म्हणाली, आई, हे वरण आहे, फक्त उभं केलेलं. हरभऱ्याचा केला तेव्हा सासूबाईंनी त्याला शेव समजून चहाबरोबर खाल्लं. नाचणीचा काळा झाला, तो बघूनच ती पळाली. मी रोज एक पातेलं बिघडवायची आणि रोज रडायची. शेजारच्या सत्यशीलाकाकू दारात उभं राहून म्हणाल्या, एवढं काय अवडंबर, घासभर पोळीनं कुणी मरतं का? मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. दोन्ही घरांचं बोलणं अजून बंद आहे.

ज्वारी हाताशी असून मी शेवटी तिच्याकडं वळले, कारण ज्वारीला ताण नसतो, वळायला गेलं की तुटते. वाट सासूबाईंनी काढली. भाकरीसारखी उकड काढायची, गरम असतानाच मळायची, आणि त्यात भिजवलेला जवस वाटून घालायचा. जवसाचा चिकटा ज्वारीला धरून ठेवतो. मग बोरूच्या काडीवर सरगुंड्यासारखं वळायचं, वाफवायचं, सावलीत वाळवायचं. पहिल्यांदा नळी न तुटता काडीवरून सुटली तेव्हा आम्ही सासू-सुना एकमेकींना धरून नाचायच्या बाकी होतो. तेजूनं वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, मावशीच्यापेक्षा भारी. राग मानू नकोस.

पण पोरगी भरेना. पास्ता जमला, भाकरी ज्वारीची, ताट वेगळं, तवा वेगळा, तरी तिचे जुलाब थांबेनात. डॉक्टर मॅडम म्हणायच्या, कुठूनतरी गहू जातोय, शोधा. मी शोधू कुठं? तिची ज्वारी मी रोज सकाळी गिरणी सुरू झाल्या झाल्या, कुणाचंही दळण पडायच्या आधी दळायची. आदल्या संध्याकाळी तेजूचे पप्पा दगड उघडून, ब्रशनं झाडून, ओल्या फडक्यानं पुसून ठेवायचे. याहून स्वच्छ काय असतं?

आमच्याकडं रोज गिरणीला कुंकू लावून सासूबाई पहिली मूठ घालतात, हे तुला ठाऊक आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. देवाच्या नावानं मूठभर धान्य आधी दगडाखाली, मग गावाचं दळण. एक दिवस त्यांचा गुडघा धरला होता म्हणून त्यांनी तेजूला सांगितलं, जा गं, पोत्यातून देवाची मूठ आण. पोरगी पोत्यापाशी गेली आणि हात पाठीमागं बांधून उभी राहिली. आजी, हा गहू आहे, मला हात लावायचा नाही ना, म्हणाली. सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या, मी सासूबाईंकडं. ताई, त्या गव्हामागून रोज मी माझ्या लेकीची ज्वारी घालत होते. आम्ही तिघं मोठी माणसं रोज ते डोळ्यांनी बघत होतो, आणि कुणाच्या मनातच आलं नाही की तो गहू आहे. आम्हाला ती मूठ म्हणजे देवच वाटत होता.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. गोठ्यातलं जुनं जातं त्यांनी घासून धुवून घेतलं आणि तेव्हापासून तेजूची ज्वारी त्या स्वतः मागच्या पडवीत दळतात. पाय पसरून बसतात, कण्हतात, पण दुसऱ्या कुणाला खुंट्याला हात लावू देत नाहीत. देवाची मूठ आता ज्वारीची असते. तरी रोज घालायच्या आधी त्या ती मूठ उजेडात उघडून बघतात.

आम्हाला वाटलं, सुटलो. त्यानंतरच ती उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडं आली. पीठ इथलंच, पास्ता इथलाच, मी डबे भरून दिलेले. आणि परत आली ती गालावर मांस घेऊन. पोट सपाट, केसांना चकाकी, जिना पळत चढली. सगळं गाव म्हणालं, मावशीनं पोर सुधरवली. मी पण हसून हो म्हटलं, पण खरं सांगू, मला जळफळाट झाला होता. माझ्या हातचंच खाऊन ती तुझ्या घरी फुलते आणि माझ्या घरी वाळते, हे मला सोसत नव्हतं. शाळा सुरू झाली आणि पंचमीपर्यंत तिच्या गालाची हाडं परत वर आली. दिवाळीच्या चड्ड्यांना मी आत्ताच नाड्या घातल्यात, कमरेवर काही राहत नाही.

मागच्या फेरीला डॉक्टर मॅडमनी तिला बाहेर बसवलं आणि आम्हाला विचारलं, घर आणि गिरणी किती लांब आहे? तेजूचे पप्पा म्हणाले, लांब कुठलं मॅडम, पुढच्या खोलीत गिरणी, मागं आम्ही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. पीठ हवेत उडतं, नाकातोंडातून जातं, थुंकीबरोबर पोटात उतरतं. ताटात काही वाढा, ती गहू श्वासातून खातेय, म्हणाल्या. घरी आले आणि पहिल्यांदा मला आमचं घर दिसलं. कोनाड्यात पीठ, कॅलेंडरवर पीठ, देवांच्या डोक्यावर पीठ. लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं मला भरल्या घराचं लक्षण वाटलं होतं.

मग काय नाही केलं? मधल्या दाराला प्लॅस्टिक ठोकलं, फटीत चिंध्या कोंबल्या, दिवसातून कितीदा फरशी पुसली माहीत नाही. तेजूला तोंडाला रुमाल बांधून अभ्यासाला बसवलं, तिला शाळेतली पोरं दरोडेखोर म्हणाली. माळावरच्या शेतात गिरणीसाठी शेड उभं केलंय, पण विजेची जोडणी यायची आहे, आज येते उद्या येते चाललंय. बंद करा गिरणी, असं एकदा मी ओरडले. तेजूचे पप्पा म्हणाले, बंद करतो, आणि खरंच गिरणीचा पट्टा उतरवून ठेवला. दुसऱ्या सकाळी दारात बाया दळणाच्या पाट्या घेऊन उभ्या, आणि आम्ही खाणार काय तेही कुणाला ठाऊक नाही. त्यांनी पट्टा परत चढवला तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. मी पण त्यांच्याकडं बघितलं नाही. आणि ताई, भिंतीपेक्षा वाईट मी आहे. दिवसभर मी गिरणीत उभी, माझ्या केसात पीठ, पदरात पीठ, पापण्यांवर पीठ. ती शाळेतून धावत येऊन मला मिठी मारते आणि माझ्या पदरात तोंड खुपसते. आता ती धावत आली की मी हात पुढं करून तिला अडवते. परवा तिनं विचारलं, आई, तू माझ्यावर चिडलीस का? मी म्हटलं, नाही गं, माझा अवतार बघ. तेव्हापासून ती धावत येत नाही, चालत येते.

म्हणून लिहितेय. तेजूला वाटतंय की ती दिवाळीपुरती आलीय. ताई, दिवाळी झाल्यावर तिला परत पाठवू नकोस. गिरणी माळावर जाऊन, या भिंती खरवडून, घर तिच्या श्वासाचं होईपर्यंत तिला तुझ्याकडं ठेवून घे, तिथल्याच शाळेत घाल. तू हो म्हणालीस तरच मी इथल्या शाळेचा दाखला काढीन, आणि तू नाही म्हणालीस तर माझ्याकडं दुसरं दार नाही, हेही सांगून ठेवते. तेजूच्या पप्पांना सगळं माहीत आहे, ते तुझ्यासमोर काही बोलायचे नाहीत, त्यांना बोलायला लावू नकोस. पास्ता संपला की सासूबाईंनी दळलेलं पीठ आणि जवस दर एसटीबरोबर येत राहील, बोरूच्या काड्या पिशवीच्या तळाशी फडक्यात बांधल्यात, वळायचं कसं ते तेजूला येतं, ती तुला शिकवील. झोपताना तिला माझा पदर लागतो. त्याच्याऐवजी काय द्यायचं ते मला सुचलेलं नाही, तू बघ. मी भेटायला येईन तेव्हा ती धावत येईल, तिला आधी धरून ठेव. मला मागच्या दारानं घे, न्हाणीघर दाखव, डोक्यावरून आंघोळ करू दे. आणि तुझं एक जुनं पातळ माझ्यासाठी धुऊन, वेगळं घडी करून ठेव. ते नेसले की मगच तिला सोड.

तुझीच धाकटी,
मोहिनी