रुमालाखालचा हात

आबा, तुम्ही गेल्यापासून भिंतीशी उभा केलेला तुमचा पाट आज पुसायला काढला. दर रविवारी तुम्ही शुक्रवार पेठेतून चालत यायचात, या पाटावर बसायचात आणि पंच्यात बांधून आणलेली भाकरी नि शेंगांची चटणी सोडायचात. तुमच्या सुनेनं वाढलेल्या ताटाकडं बघायचातसुद्धा नाही. आमच्याकडचं पाणी तेवढं चालायचं, कारण विहिरीवर मी सौदा केलेला नव्हता.

तुमच्यासारख्या मास्तरांच्या मुलानं गिरणीच्या हापिसातली नोकरी सोडावी आणि कापसाच्या पेढीवर तेजी-मंदीत पडावं, हे तुम्हाला कधी पचलं नाही. सट्ट्याचा घास नको, म्हणालात. मी किती वेळा समजावलं असेल. तेजी लावायची म्हणजे आज नजराणा द्यायचा आणि पुढच्या वायद्याला आजच्या भावानं कापूस घ्यायचा हक्क राखायचा. भाव चढला तर माल घ्यायचा, पडला तर नजराण्यावर पाणी सोडायचं. मुंबईची तार, वऱ्हाडातला पाऊस, गिरण्यांत पडून राहिलेला माल, सगळं बघून मी ठरवतो. नुसत्या नशिबावर माझी चूल कधीच पेटली नाही.

एका रविवारी मात्र माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तुम्ही माळशिरसच्या मामांना ज्वारीचा इसार म्हणून आगाऊ पैसे देता, ते काय वेगळं?"

तुम्ही शांतपणे घास गिळलात. "मी इसार दिला की ज्वारी घेतोच. बाजारात स्वस्त झाली तरी ठरल्या भावानं घेतो. तू सोडून देतोस. फरक हाय की."

मी तुमच्या तांब्यात पाणी ओतलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तुम्हीच विचारलंत, "ते रुमालाखाली काय करता रे तुमी?"

मी उपरण्याखाली तुमचा हात धरला. बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. पटला नाही तर हात झटकायचा, पटला तर सगळा पंजा घट्ट दाबायचा. तुम्ही पुन्हा पुन्हा करून बघितलंत. "म्हंजे तोंडानं बोलायचंच न्हाय व्हय," म्हणालात आणि उरलेली भाकरी संपवलीत.

पुढं अर्धांगानं तुमची वाचा गेली, तेव्हा मी तुम्हाला माझ्याकडं आणलं. तुमचा नेम मोडू नये म्हणून जेवण धाकट्या भावाच्या घरून यायचं. एका सकाळी डब्याला उशीर झाला. आमच्या चुलीवर पेज शिजत होती. मी गोधडीखाली हात घालून तुमचा चालता हात धरला आणि विचारलं, "आबा, आमच्या घरची चालेल?"

तुम्ही आढ्याकडं बघत होता. झटकाल म्हणून मी बोटं सैलच ठेवली होती. तुम्ही सगळा पंजा दाबलात, आणि तुमची सून वाटी घेऊन आली तरी सोडला नाहीत. ती रडत भरवत होती, निम्मी पेज हनुवटीवरून ओघळत होती. तुम्ही एवढे आजारी, आणि मला आनंद मावत नव्हता. एकदा कबूल केलेलं तुम्ही मोडत नाही, हे मला माहीत होतं.

हा कागद घडी करून पाटाखाली ठेवतो. एक गोष्ट पेढीवर कुणालाच ठाऊक नाही. सौदा पटला की समोरचा माणूस पंजा दाबतो, आणि मी हात लगेच सोडवून घेत नाही. त्यांना वाटतं, मी अजून भावाचा विचार करतोय.