‘निवांत’ यांची बायको

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, आणि नाही, खोलीची खिडकी अजून उघडत नाही. घरमालक म्हणतात, ती उघडण्यासाठी नाहीच, उजेडासाठी आहे.

बातमी अशी, की माझ्यावर संकट आलं आहे आणि ऑफिसात सगळे त्याला बढती म्हणताहेत. आमच्या पेपरात पान चारवर खाली डावीकडे ‘सरमिसळ’ नावाचा चौकोन येतो, तो तू वाचतेसच. रोज एक माहिती, एक कोडं, एक विनोद आणि शेवटी ‘मनातलं’ म्हणून दहाबारा ओळी. खाली सही ‘निवांत’. ते लिहिणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे आजोबा म्हणतो. त्यांच्या डोळ्यांनी हात टेकले म्हणून ते आता घरी बसले. गेल्या सोमवारी संपादकांनी त्यांची फाइल माझ्या टेबलावर आणून टाकली आणि म्हणाले, की उद्यापासून निवांत तू. मी म्हटलं, साहेब, मी प्रुफं तपासतो, नववीच्या पुढची शाळा मी बाहेरूनच पाहिली आहे. ते म्हणाले, मग वाचकाला तू आपलासा वाटशील. वर ताकीद दिली, की माणूस बदललाय याचा कुणाला वासही लागता कामा नये.

आता मी आणि निवांत! रात्री दाराची कडी दोनदा बघितल्याशिवाय मला झोप येत नाही, हे तुला माहीत आहे.

माहितीचं निभतं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे तीन वेगवेगळ्या पुस्तकांत पाहिलं आणि मगच छापायला दिलं. कोड्यांचंही निभतं. घड्याळाचे दोन काटे दिवसभरात किती वेळा एकमेकांवर येतात, असं विचारलं होतं. पुस्तकात उत्तर बावीस होतं. माझा विश्वास बसेना, म्हणून गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन काटे हातानं फिरवत बसलो. बावीसच भरलं. घड्याळ तेव्हापासून बंद आहे, पण उत्तर बरोबर आहे. विनोद भावजींकडून ऐकलेले लावतो. त्यांना सांगू नकोस, मानधन मागतील.

खरी गोची ‘मनातलं’मध्ये आहे. निवांत यांना तीस वर्षांची मुरलेली बायको आहे, दोन मुलगे आहेत आणि एक दुखरा गुडघा आहे. बायको तर वाचकांची लाडकी. ती चष्म्याचं घर लपवते, प्रत्येक वादात जिंकते आणि मांजरांना नवऱ्याच्या वाटचं दूध घालते. मला आजोबांची खुर्ची मिळाली, तिच्याबरोबर ही बाईही मिळाली. तिला काय चालतं, काय चालत नाही, हे सगळं मी जुन्या अंकांतून वाचून पाठ केलं आहे. गुडघ्याचं मात्र जमेना. आजोबांनी तो कधी डावा लिहिलाय, कधी उजवा. मी डावा ठरवलाय आणि तेव्हापासून मनाला टोचणी आहे.

हे तुझ्यात आणि भावजींतच राहू दे. माया आहे तेवढी राहू दे, वाढवायची झाली तर टपालानं वाढव.

तुझा,
खोडरबर

१९ फेब्रुवारी

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ.

पेपरातली भावजय मला पसंत आहे. परवा तू छत्री बसमध्ये विसरलास म्हणून तिनं तुला जे झापलं ते वाचून मी तिची बाजू घेतली आणि हे बिचारे तुझी. आमचं खरंखुरं भांडण झालं.

आता बस, आणि हे पत्र बसूनच वाच. तुझी ताई एक घोळ करून बसली आहे.

आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसते ती मुलगी तुला आठवत असेलच. आम्ही तिला नंबरवाली म्हणतो. गेल्या खेपेला तू तिच्याकडून एकाच डोळ्याचा नंबर तीनदा तपासून घेतलास आणि बाहेर येऊन मला म्हणालास, की यंत्र जरा जुनं वाटतं. यंत्र नवंकोरं आहे रे. मी काय ओळखायचं ते ओळखलं आणि तिच्या वडिलांपाशी तुझा विषय काढला.

वडील घड्याळं दुरुस्त करतात. आमच्या शेजारचाच गाळा. माणूस सरळ आहे, म्हणजे कुणाशी नीट बोलत नाही. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेपरात प्रुफं तपासतो. ते म्हणाले, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतो, स्वतःचं काय करतो? आता तूच सांग, हे कोणत्या बहिणीला सोसेल? शिवाय त्यांच्या समोर पेपर उघडा होता, पान चारवर घडी घातलेला, आणि हे महाशय पेन्सिल घेऊन तुझंच कोडं सोडवत होते. सकाळीच म्हणाले होते, की बावीस हे उत्तर लिहिणारा माणूस सोपा नाही, सगळे गाढव चोवीस म्हणतात. मग माझ्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की हे लिहिणारा तो माझाच भाऊ.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, की बाई, त्या माणसाला बायको आहे, दोन मुलगे आहेत, आणि तुम्ही माझी मुलगी मागायला आलात?

मी घाईघाईनं म्हटलं, ते सगळं खोटं आहे हो, मनानं रचलेलं. त्यावर तर ते जास्तच चिडले. म्हणाले, म्हणजे हा गृहस्थ रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळी माझ्याशी खोटं बोलतो.

तर सध्या तू एक तर लग्न झालेला आहेस, नाही तर थापाड्या आहेस. दोन्हींतलं काय बरं, ते कळव. रागावू नकोस. रागावलास तर ‘मनातलं’मध्ये तरी लिहू नकोस.

जेवढी तुझी तेवढीच घोळाचीही,
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी रागावलो नाही. माझे हातपाय गळाले आहेत, आणि हातपाय गळालेल्या माणसाला रागावता येत नाही. पत्र तीनदा वाचलं. ‘थापाड्या’ हा शब्द मला आधी कुणी लावलेला नाही.

लपवायचं कशाला, तिच्याकडे नंबर पहिल्याच वेळी बरोबर आला होता. दिव्याखाली अक्षरं वाचायला लावताना ती म्हणाली होती, की घाई नाही, चुकलं तरी चालेल. मला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही. आमच्याकडे चुकलेलं चालत नाही. म्हणून पुन्हा वाचलं.

मी एक उपाय केला आहे. शुक्रवारच्या अंकात बायकोला माहेरी पाठवून दिलं. चार दिवस तिचा उल्लेखच नको, मग हळूहळू विसर पडेल, असा हिशेब होता. तो सपशेल फसला. वाचकांची पत्रं येऊन पडताहेत. त्या कधी येणार, भांडण झालं का, निवांत जेवतात कुठं, असं विचारताहेत. एका बाईंनी गुडघ्याला चोळायला तेलाची बाटली पाठवली आहे, ती मी लावतोय, गुडघा बरा असूनही. संपादक म्हणाले, की सोमवारपर्यंत तिला परत आण, नाही तर तूही माहेरी जा.

ती आली की पुन्हा मी लग्न झालेला. यातून एकच वाट दिसते. तिला कायमचंच संपवावं. दोन ओळींचं काम आहे. छोट्या आजाराचं निमित्त, मग ‘परवा ती गेली’. वाचक महिनाभर हळहळतील, नंतर निवांत एकटे राहतील आणि मी खऱ्या लग्नाला मोकळा होईन. मजकूर लिहून खिशात ठेवला आहे. पण बाई मूळ आजोबांची. त्यांना न विचारता तिला मारणं मला प्रशस्त वाटत नाही. रविवारी त्यांच्याकडे जाऊन येतो.

तोवर घड्याळजींना काहीही सांगू नकोस. तू सांगितलेलं पुष्कळ झालं.

तरीही लोभ ठेवून असलेला,
खोडरबर

२७ फेब्रुवारी

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुला रविवारच्या आधी मिळावं म्हणून दुकानातूनच लिहिते आहे. समोर एक गिऱ्हाईक चौथी फ्रेम लावून आरशात बघतंय, तेवढ्यात लिहून घेते.

तुझं लग्न झालेलं नाही, हे सिद्ध झालं. मी नाही केलं, नंबरवालीनं केलं. तिनं वडिलांपुढे तुझे सगळे अंक पसरले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तू लिहिलं आहेस, की बायकोनं गॅलरीत उभं राहून डबल चादर पिळली आणि तू खुर्चीत बसून बघत होतास. ती वडिलांना म्हणाली, की बाबा, ओली डबल चादर एकट्या बाईला पिळता येते का? नवरा बसून बघेल का, आणि बघितलंच तर छापेल का? हा माणूस एका खोलीत राहतो आणि याच्याकडे सिंगल चादर आहे. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ती ओळ दोनदा वाचली. मग गेल्या वर्षीचे, आजोबांच्या हातचे अंक काढून बघितले. तिथं चादर दोघं पिळत होते. पुरावा त्यांना पटला.

म्हणजे आता तू फक्त थापाड्या उरलास.

त्यावर त्यांचं म्हणणं असं, की मुलगी म्हणते म्हणून मी ऐकून घेईन, पण त्या बाईला त्यानं पेपरातून काढावं. खोटी बायको संपली की मगच खऱ्या गोष्टी बोलू. मला वाटतं, एवढं काही कठीण नाही. तुझ्या खिशात मजकूर तयारच आहे. थोडी रडारड होईल, मीही रडेन, पण पंधरवड्यात सगळं मार्गी लागेल.

आणि हो, मी तिला विचारलं. ती म्हणाली, की नंबर पहिल्या वेळीच बरोबर होता, पुढच्या दोन वेळा तिनंही उगीचच तपासला. हे सांगताना ती एक भिंग पुसत होती. ते आधीच पुसलेलं होतं.

तेव्हा आता कच खाऊ नकोस.

आशीर्वादाबरोबर चार शिव्याही देणारी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आजोबांकडे जाऊन आलो. मुलाच्या घरी त्यांना गॅलरीला लागून एक लहानशी खोली दिली आहे. पलंग, रेडिओ आणि टेबलावर पेपरांचा ढीग, वाचता येत नसूनही. सून रोज त्यांना ‘सरमिसळ’ मोठ्यानं वाचून दाखवते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं आणि पहिलाच प्रश्न केला, की तिला माहेरी का पाठवलंस रे?

मी म्हटलं, चार दिवस बदल म्हणून. मग ते म्हणाले, की तिला माहेर नव्हतंच. आई लहानपणीच गेली होती. आणि गुडघा, ज्यावरून माझी झोप उडाली होती, तो त्यांचा नव्हताच. तिचा होता. तिला आपलं दुखणं छापून आलेलं आवडायचं नाही, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या नावावर घेतला होता.

ताई, त्या बाई खऱ्या होत्या. आणि त्या जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. धाकटा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्या गेल्या त्या दिवशी दुसऱ्या दिवशीचा मजकूर आधीच छपाईला गेलेला होता. त्यात पडद्याच्या रंगावरून दोघांचं भांडण होतं. सकाळी घरात माणसं बसलेली आणि पेपरात त्या पडद्यावरून भांडत होत्या. आजोबा म्हणाले, की मी तो अंक हातात घेतला आणि मला वाटलं, इथं ही बरी आहे. मग मी इथं तिला तशीच राहू दिली. ऑफिसात संपादकांना ठाऊक होतं, ते कधी बोलले नाहीत.

माझा हात खिशावर होता. आजोबा म्हणाले, की उद्याचं आणलं असशील, वाचून दाखव.

मी कागद उघडला आणि त्यावर नव्हतं ते वाचलं. ती सकाळच्या बसनं परत आली, आल्या आल्या तिनं डबे उघडून बघितले, काय काय संपलं ते मोजून दाखवलं, आणि मांजर सुकलंय म्हणून मला बोलली. मी आयुष्यात न लिहिलेलं कधी वाचलेलं नव्हतं. आजोबा मांजराला हसले. नंतर म्हणाले, की सगळं ठीक आहे, फक्त सकाळची बस नको. तिला सकाळच्या बसचं मळमळतं. संध्याकाळच्या बसनं आण.

मी संध्याकाळची केली. सोमवारी तसंच छापून येईल.

तेव्हा घड्याळजींना माझा नमस्कार सांग आणि सांग, की ते म्हणतात ते माझ्यानं होणार नाही. मी लिहितो ते खोटं आहे, हे मला कबूल आहे, आणि त्यांच्या चहाच्या वेळी लिहितो, हेही कबूल आहे. पण ती बाई माझ्या हातून जाणार नाही. हे लग्न होणार नसेल तर नाही. नंबरवालीला सांग, की... नको, काही सांगू नकोस. मी हे वाक्य चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोडलं.

तुझ्या रागाला पात्र, तरी तुझाच,
खोडरबर

९ मार्च

श्री. निवांत यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्याइतकी आपली ओळख नाही, तुमचे दोन डोळे तेवढे ओळखीचे आहेत. तरी लिहिते, कारण तुमच्या ताईंवर निरोप सोपवला तर तो कुठं कुठं जाईल याचा भरवसा नाही. तुमचं दोन तारखेचं पत्र त्यांनी मला दाखवलं, बाबांना दाखवलं आणि नाकावर चष्मा नीट बसत नाही म्हणून आलेल्या एका गिऱ्हाइकालाही दाखवलं.

बाबांनी ते भिंगातून वाचलं. त्यांना तुमच्या लिहिण्यात चूक शोधायची होती. एकही सापडली नाही, त्यामुळे ते दिवसभर घुश्श्यात होते. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी सोमवारचा अंक काढून पुन्हा पान चार वाचलं आणि म्हणाले, की त्या बाईंनी संध्याकाळची बस धरली ते बरं केलं, सकाळची फार हलते. नंतर जेवताना म्हणाले, की त्या मांजराला आता दूध पुरे, जाड होईल. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

आता माझं. तुम्ही त्या बाईंना पेपरातून काढलं असतंत तर बाबा खूश झाले असते आणि मी इथंच डोळे तपासत राहिले असते. पुढचं तुम्हीच समजून घ्या. तुमचं वाचन बरं आहे.

एकच अट घालते. मला छापून यायचं नाही. मी भांडले, आजारी पडले, कधी चुकून तुमची बाजू घेतली, तरी त्यातलं काही पान चारवर जाता कामा नये. तिथं त्या आहेत आणि त्यांचं व्यवस्थित चाललं आहे. घरात त्या आणि मी, दोघी राहू, पेपरात मात्र त्या एकट्याच असू द्या.

रविवारी आमचं दुकान बंद असतं, घर उघडं असतं.

तुमचा माझ्यावर लोभ आहे, असं तुमच्या ताई सांगतात. तो तुम्ही स्वतः येऊन सांगितलात तर बरं होईल.

आपली,
नंबरवाली