जपानचं पुरण

राणीसावरगाव,
माघ, १९८७

चि. सौ. मनकर्णास,
'सौ.' आज पहिल्यांदाच लिहिलं.

शेतकरी मंडळासंगं जपानला जाऊन आलो. तिथं तांदळाच्या मऊ गोळ्यात लाल चवळीचं गोड पुरण भरतात. पहिल्याच घासाला तू आठवलीस, पोळ्या लाटायच्या आधीच पुरण खाणारी. तांदळाची खारी बिस्किटं गावात वाटली. तुझ्यासाठी घेतलेला पुरणाचा डबा मात्र कपाटात लपवला.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला असताना तू जातीबाहेरच्या मास्तराशी लग्न केलंस. मी चारचौघांत म्हणालो, "माझी लेक मेली." आता कोणत्या तोंडानं यावं?

काल डबा तुझ्या मायच्या हाती लागला. म्हणाली, "जपानला जाऊन आलात, अन् परभणी लांब पडायलीय व्हय?"

आज सकाळी डबा घेऊन ती एकटीच तुझ्याकडं निघाली. मला विचारलं सुद्धा न्हाई. मी चारदा फाट्यावर जाऊन आलो. शेवटची गाडी आली, पण ती उतरली न्हाई. तू तिला ठेवून घेतलंस, असंच धरून चाललोय.

हे पत्र टाकलं तर चार दिवसांनी पोचेल. तेवढा दम मला निघायचा न्हाई. उद्या पहिल्या गाडीनं हे घेऊन मीच येतो, दाराखालून आत सरकवतो. दार उघडायचं का न्हाई, ते तू ठरव.

तुझा,
आबा